चौथे कलम दादाने मोठ्याने वाचावे

मी, इत्सेल मारोकिन रेंतेरिया, वय एकतीस, पाण्याच्या पंपांची नियंत्रण-यंत्रणा जुळवणारी इंजिनिअर, राहणार वेस्लाको, टेक्सास, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. धोका शंभरात दोन. दोन म्हणजे शून्य नव्हे, एवढेच कारण.

१. घर आईला. परसातले लिंबाचे झाड तोडू नये.

२. गॅरेजमध्ये मी दर शनिवारी घेते त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाचे सर्व सामान, म्हणजे सोल्डरिंगच्या सहा गन, दोन मल्टिमीटर आणि लांब टेबल, माझ्या फिजिक्सच्या बाई ओब्दुलिया सेर्ना यांना. वर्ग त्यांनी चालू ठेवावा. माझ्या कॉलेजचा विषय आईबाबांकडे काढण्याआधी बाई आमच्या स्वयंपाकघरात बसून मक्याच्या पानात वाफवलेले चार तमाले खायच्या. आमच्याकडे असे निर्णय तिथेच होतात, हे कॉलेजांची माहितीपत्रके वाटणाऱ्यांना अजून कळलेले नाही. बाईंचे आभार मी कधी नीट मानले नाहीत. ते इथे मानते.

३. "तुझं इंग्रजी छान आहे, रिसेप्शनला शोभशील," असे म्हणणाऱ्या शाळेतल्या समुपदेशकांना माझे व्हिजिटिंग कार्ड. एक.

४. माझी सर्व बचत भाची यारेत्सीच्या इंजिनिअरिंगसाठी. आमच्याकडे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात एकेका वस्तूचा खर्च एकेक धर्ममाता उचलते; तिच्या वेळी कोणी केकची धर्ममाता झाली, कोणी मुकुटाची. मी कॅल्क्युलेटरची झाले. लोक हसले, पण ती अजून तोच वापरते. आता तिला पाच तासांवरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे आणि तिचे वडील, माझे थोरले भाऊ एव्हारिस्तो, नाही म्हणतात.

"मुलगी परक्या छपराखाली झोपणार नाही. रोज जाऊन-येऊन करू दे."

"रोज दहा तास, दादा?"

"मग इथलं कॉलेज काय वाईट आहे?"

म्हणून एक कबुली. चौदा वर्षांपूर्वी मलाही असेच पत्र आले होते. घरातली इंग्रजी पत्रे आईबाबांना सांगण्याचे काम माझे. पत्रात होते: पहिले वर्ष वसतिगृहात राहणे सक्तीचे, मुले-मुली एकाच इमारतीत. मी सांगितले: वसतिगृह नन चालवतात, रात्री आठला फाटक बंद.

"नन आहेत?" बाबा म्हणाले. "मग जाऊ दे."

समोर दादा बीन्स खात होता. त्याला इंग्रजी माझ्याइतकेच येते. त्याने पत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बाबा, आठला नाही," तो म्हणाला. "सातलाच बंद होतं."

दादा, माझ्या थापेत तो एक तास तू जोडून दिलास. त्यावर मी इथवर आले. ते मी विसरलेले नाही, तूही विसरू नकोस.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा नियम आहे, म्हणून दादासाठी काही ठेवलेले नाही. मला त्याची सही हवी आहे.

वेस्लाको, ९ मार्च २०२४
सही: इत्सेल मारोकिन रेंतेरिया

साक्षीदार:
नोए सालादिन्यो, शेजारी (सही)
एव्हारिस्तो मारोकिन रेंतेरिया, भाऊ (सही)
भावाच्या हस्ताक्षरात: चौथं कलम मोठ्याने वाचलं. आईही ऐकत होती. यारेत्सीला सोडायला मीच जाईन. फाटक किती वाजता बंद होतं, ते बघून येतो.