साहेबांच्या आधी कोणी खाल्लं?

ताई,

साष्टांग नमस्कार. (उभ्याउभ्याच घालतो आहे, कारण आमच्या फरशीला आठही अंगं टेकवावीत अशी तिची अवस्था सध्या राहिलेली नाही. का, ते पुढे येईलच.) भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद आणि तिच्या बाळाला एक पापा. बाळाचं पोट कसं आहे? राग मानू नकोस, हल्ली मी कोणालाही भेटलो की आधी पोटाचीच चौकशी करतो. परवा आपल्या बाइंडिंगच्या दुकानात पुठ्ठे घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यालाही विचारलं, तर तो पुठ्ठे दारातच टाकून निघून गेला. आमच्याकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. कुशल कोणीही नाही.

तू लेकीच्या बाळंतपणाला जाताना साहेबांना आमच्या ओटीत टाकलंस तेव्हा म्हणाली होतीस, काही त्रास नाही रे त्यांचा, असून नसल्यासारखे असतात. ताई, सख्ख्या भावाशी असं वागतात का? कुत्र्याला अहो-जाहो करणारं घर जगात तुमचं एकच असेल असं मी समजत होतो. आता आमचं धरून दोन झाली, कारण एकेरीत हाक मारली की साहेब मान वळवून भिंतीकडे बघत बसतात. तेही सोड. निघताना गाडीच्या खिडकीतून तू ओरडून सांगितलंस की साहेबांच्या ताटलीतला पहिला घास आधी आपण खायचा, मगच ते तोंड लावतात, परक्याने काही घालू नये म्हणून भाऊजींनी तशी शिस्त लावली आहे. मला वाटलं तू चेष्टा करते आहेस. पहिला सगळा दिवस साहेब ताटलीसमोर नुसते बसून राहिले आणि आमच्याकडे असे बघत राहिले, जसं काही पानात विष कालवणारे आम्हीच. शेवटी तुझ्या वहिनीने डोळे मिटून त्यांचं एक बिस्कीट चावलं. त्याबरोबर साहेबांनी ताटली साफ केली. (तिचं मत असं की मीठ कमी आहे, पण कुरकुरीत आहेत.) तेव्हापासून सकाळी ती आणि संध्याकाळी मी, असा पहिल्या घासाचा रतीब चालू आहे. बायकोने उष्टावलेलं खाणारा कुत्रा पाहिला नव्हता, आणि कुत्र्यासाठी उष्टावणारा नवराही तिने पाहिला नसेल.

पण मला खरा घोर साहेबांचा नव्हताच, बाबांचा होता. आई गेल्यापासून त्यांचं जेवण म्हणजे पानाला हात लावून उठणं, हे तू गेलीस तेव्हा बघूनच गेलीस. दोन घास खायचे, इच्छाच नाही रे म्हणायचं, आणि ताट पुढे सरकवायचं. शर्ट खांद्यावरून घसरायला लागले. पट्ट्याला मी माझ्याच दाभणाने नवी भोकं पाडून दिली. त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर सलाइन लावून ठेवावं लागेल, आणि या वयात एकदा खाटेला लागलेला माणूस उठेलच असं नाही. तुला तिकडे बाळाच्या धांदलीत कळवलं नाही, पण आम्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एकच समाधान होतं, की साहेब आल्यापासून बाबा रोज त्यांना फिरवायला म्हणून घराबाहेर पडायला लागले. तेवढीच हवा लागेल, म्हटलं.

आणि मग तो दिवस उजाडला. एका निवृत्त न्यायाधीशांचं आत्मचरित्र बांधायला आलं होतं. त्याचे फर्मे, म्हणजे छापून घड्या घातलेले कागद, मी दुकानभर जमिनीवर ओळीने मांडले होते, पहिल्या प्रकरणापासून शेवटापर्यंत, म्हणजे जुळणी करताना वाकून वाकून क्रमाने उचलत गेलं की झालं. (इतकी वर्षं याच पद्धतीने काम करतो आहे, आजवर कोणी त्यावरून चालत गेलं नव्हतं.) साहेब जिन्यावरून खाली आले. नेहमीसारखे डुलत नाहीत, घाईने आले. बालपण ओलांडलं, कॉलेज ओलांडलं, वकिलीची सुरुवात ओलांडली, मधोमध थांबले, माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेने पाहिलं की मला वाटलं काही सांगायचं आहे. सांगायचंच होतं. 'माझी निष्कलंक कारकीर्द' या प्रकरणावर त्यांनी ते सांगितलं. ताई, मी चिकटवण्याच्या खळीची बादली हातात धरून उभा होतो. एवढ्याशा देहात एवढं मावतं कसं? आणि संपलं असं वाटेपर्यंत साहेब आणखी चार पावलं पुढे गेले आणि निवृत्तीनंतरचं आयुष्यही त्यांनी सोडलं नाही. (न्यायाधीशांना मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, ते प्रकरण तसंही त्यांच्या पत्नीला आवडलं नव्हतं.)

त्यानंतरचं सविस्तर लिहीत नाही, कारण भाऊजी जेवताना पत्रं वाचतात. जिना, गच्ची, सोफ्याची मागची बाजू, तुझ्या वहिनीने नुकतीच धुतलेली चादर. संध्याकाळपर्यंत साहेबांचे डोळे खोल गेले, शेपूट पडली आणि ते टेबलाखाली पसरले ते उठेचनात. मनात नको नको ते आलं. ताईला काय तोंड दाखवू? विश्वासाने दिलेला जीव, आणि मी त्याला नीट सांभाळू शकलो नाही? दुकान उघडं टाकलं, साहेबांना चादरीत गुंडाळलं (तीच चादर, नाहीतरी गेलीच होती) आणि गुरांच्या नव्हे, खास कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीण बाई आहेत त्यांच्याकडे आम्ही दोघांनी नेलं.

बाईंनी पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, थर्मामीटर जिथे लावतात तिथे लावलं. (साहेबांनी त्या अपमानाची शिक्षा मला दिली. घरी येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.) घाबरण्यासारखं नाही म्हणाल्या, पण काहीतरी लोण्यातुपाचं, क्रीमचं, तेही शिळं खाल्लेलं दिसतं. बाहेरचं काही खाल्लं का, असं विचारलं. मी छाती काढून सांगितलं की बाई, शक्यच नाही, आमचे साहेब रस्त्यावरचं हुंगतसुद्धा नाहीत, घरचं माणूस आधी खाईल तेच खातात. डॉक्टरीण बाईंनी चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाल्या, "मग तुमच्या घरातल्या कोणीतरी आधी खाल्लं असणार."

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. आमच्या घरात क्रीम? बाबांचं जेवण सुटल्यापासून त्यांच्यासमोर आपण चमचमीत खाणं बरं नव्हे म्हणून आम्ही दोघांनी गोडधोड बंद केलं होतं. म्हणजे एकजण चोरून खात होतं. मी नव्हतो. बाबा तर पाणी पिऊन जगत होते. उरली कोण? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरी परतताना तुझ्या वहिनीकडे मी पहिल्यांदाच पोलिसाच्या नजरेने पाहिलं, आणि पाहतो तर ती माझ्याकडे त्याच नजरेने बघत होती. घरी आल्यावर मी तिचं पिठाच्या डब्यांचं फडताळ तपासलं आणि तिने माझ्या दुकानातले चामडं ठेवायचे खण. तिने माझ्या मिशीचा वास घेतला. मी तिला शपथ घ्यायला लावली, तिने मला. रात्रीच्या पानावर आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही आणि बाबा दोन घास खाऊन, इच्छाच नाही रे म्हणून उठले. उठले ते थेट संडासात. त्याआधीही तिथेच होते. आमच्या घरात संडास एकच, हे तुला माहीत आहे. त्या दिवसभरात दाराबाहेर एकदा साहेब बसलेले आणि आत बाबा, असंही दृश्य मी पाहिलं, पण ताई, डोळ्यांवर विश्वासाची पट्टी बांधली की माणसाला समोरचं दिसत नाही. मला वाटलं, उपाशी पोटाला पित्त झालं असेल.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची बेकरीवाली दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. आजोबा आणि साहेब काल आले नाहीत, तब्येत बरी आहे ना, त्यांचे क्रीम रोल बाजूला काढून ठेवले होते, म्हणाली. त्यांचे! क्रीम रोल! मी तिला पुन्हा सांगायला लावलं. ती हौसेने सांगत गेली. रोज सकाळी येतात, बाकावर बसतात, आजोबा आधी एक मोठा घास खातात, "घ्या साहेब" म्हणतात, मग साहेब घेतात, मग पुन्हा आजोबा. परवा तर दोन जादा घेऊन कोटाच्या खिशात घालून नेले. त्या उन्हात! कोटाच्या खिशात! आणि दुसऱ्या दिवशी ते बिघडलेले रोल दोघांनी वाटून खाल्ले. आम्ही इकडे त्यांच्या दोन घासांकडे बघून रडकुंडीला आलो होतो, सलाइनची चौकशी करत होतो, आणि हा गृहस्थ रोज बाकावर बसून क्रीम पुसत होता!

मी तावातावाने वर गेलो. बापाला जाब विचारायची आयुष्यातली पहिलीच वेळ, त्यामुळे सुरुवात कशी करायची हेच सुचेना. बाबांनी नाकारलं नाही. खिडकीशी बसले होते, साहेबांचं डोकं मांडीवर. म्हणाले, "तुम्ही दोघं माझ्या घासाकडे बघता रे. गेला का, गिळला का. मग तो जात नाही. साहेब बघतात ना, ते आपली पाळी कधी येते म्हणून बघतात." एवढंच बोलले. मी ओरडायला आलो होतो, ते तसंच राहिलं. आई समोर बसून जेवायची, तेव्हा तीही त्यांच्याकडे बघायची नाही गं, आपलं पान संपवण्यात गुंग असायची. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं, आणि ते लपवायला मी साहेबांनाच दोन शब्द सुनावले.

आता दोघांनाही एकच पथ्य आहे. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं आहे की बिनमिठाचा मऊ भात, थोडा थोडा, पण दिवसातून बऱ्याच वेळा. गोळीसाठी मी साहेबांसमोर गोळी खाल्ल्याचं नाटक करतो, तर ते माझ्या तोंडात डोकावून खात्री करून घेतात. भाताचा पहिला घास मात्र ते माझा मानत नाहीत, तुझ्या वहिनीचाही नाही, फक्त बाबांचा मानतात. पण ताई, माझ्या सहनशक्तीचा अंत झाला आहे. घराला वास आहे, दुकानाला वास आहे, न्यायाधीशांना आहे की नाही माहीत नाही. तेव्हा हे पत्र मिळताच निघ आणि तुझे साहेब घेऊन जा. बाळाला बघायला जगात इतर माणसं आहेत.

तुझा धाकटा (आणि धास्तावलेला) भाऊ

ता. क. : पत्र टाकायचं राहून गेलं, बरेच दिवस झाले. वरचं 'निघ' आणि 'घेऊन जा' रागाच्या भरात लिहिलं होतं, ते वाचू नकोस. साहेबांसाठी म्हणून बाबा दिवसभर थोडं थोडं खातात. आधी आपला घास, मग त्यांचा, मग पुन्हा आपला. काल अख्खं ताट संपवलं आणि लोणचं आहे का विचारलं. तुझी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन लोणच्याची बरणी उघडी ठेवून नुसती उभी होती. आम्ही दोघं हल्ली त्यांच्या पानाकडे बघत नाही. फार जड जातं, पण बघत नाही.

ता. क. २ : आता खरं काम. साहेबांचं पोट कधीच ठणठणीत बरं झालं आहे. हे बाबांना सांगितलेलं नाही. बरे झाले असं कळलं की तू त्यांना घेऊन जाशील, आणि मग भाताला बसणार कोण? तेव्हा तू इतक्यात येऊ नकोस. फोनवर बाबा आले की आवाज पाडून विचार, अजून पातळच होते का? भाऊजींनाही शिकवून ठेव, त्यांना खोटं बोलायची सवय नाही.

ता. क. ३ : पाकीट बंद करून पुन्हा उघडलं. आज डॉक्टरीण बाईंकडे जाऊन हळूच विनंती केली की रस्त्यात बाबा भेटले तर कुत्रा बरा झाल्याचं कृपा करून सांगू नका. बाईंना हसू आवरेना. बाबाच काल येऊन गेले होते म्हणे, साहेब बरे झाल्याचं मुलाला आणि मुलीला इतक्यात सांगू नका म्हणून. तेव्हा ताई, तुझा कुत्रा आजारी आहे की नाही, हे आता तूच ठरव.