आय, मी आणि आपण

टीचर, गेल्या रविवारी मी एक इंग्रजी वाक्य अगदी बिनचूक बोलले आणि तेव्हापासून तुम्ही मनातून जात नाही. वाक्य छोटंसंच होतं. तुम्ही समोर असतात तर हातातल्या खडूने हवेतच बरोबरची खूण केली असतीत आणि पुढच्या बाकाकडे वळला असतात. ती खूण मला रविवारपासून हवी आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता माझेच केस तुमच्या तेव्हाच्या केसांपेक्षा जास्त पिकलेत, आणि मी मुलुंडच्या या घरात दुपारची पंख्याखाली बसून तुम्हाला लिहिते आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. या दिवसांत तो धुरकट असतो, आहे की नाही असं वाटावं इतका. जेवणानंतर डोळा लागतो न लागतो तोच भांडुपची शाळा येते, निळ्या रंगाच्या खिडक्या येतात, आणि बाकांमधून सावकाश चालत तुम्ही येता. झोप आहे की आठवण हे मी हल्ली तपासत नाही.

आमच्या शाळेत बाकी सगळ्या बाई होत्या, तुम्ही एकट्या टीचर. वाकोल्याच्या जुन्या गावठाणातून दोन बस बदलून यायचात. गळ्यात बारीकसा क्रॉस, आणि मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत. आम्ही सगळी गिरण्यांतून बाहेर पडलेल्यांची मुलं. घरी मालवणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी पाचवीपासून. त्या इंग्रजीतला ‘मी’ आम्हाला फार जवळचा वाटला, कारण तो थेट आमच्या ‘मी’सारखा ऐकू यायचा. ‘आय’ मात्र परका, शिष्ट. त्यामुळे अख्खा वर्ग ‘मी वेंट, मी केम, मी अँड माय फ्रेंड प्लेड’ असं बिनदिक्कत लिहायचा. तुम्ही चिडायचा नाहीत. ‘हा मी तुमचा नाही रे,’ तुम्ही सांगता आहात, ‘हा दुसऱ्याच्या हातातला मी. कोणी दिलं, कोणी बोलावलं, कोणी मारलं, तर हा. स्वतःच्या पायाने जायचं असेल तर आय.’ वाक्यात दोघंजण आले की आमची पार वाट लागायची. मग तुम्ही बोटाची युक्ती शिकवलीत. दुसऱ्याच्या नावावर बोट ठेवायचं, त्याला झाकून टाकायचं आणि उरलेलं वाक्य मोठ्याने वाचायचं. एकट्याने जे नीट वाटतं तेच दोघांतही नीट. सगळा वर्ग वहीवर बोट दाबून पुटपुटतो आहे, कुणाच्या बोटाखाली बहीण, कुणाच्या बोटाखाली मित्र.

‘माझे कुटुंब’ निबंधाचा दिवस तर मला वासासकट आठवतो, कारण खाली कुणीतरी डबा उघडला होता आणि सुकटीचा वास वर्गभर होता. मी एकुलती एक, तरी लिहिलं होतं, ‘अवर फादर’ गिरणीत कामाला होते, आता वॉचमन आहेत. तुम्ही माझी वही उचललीत आणि हसू दाबायचा प्रयत्न केलात. ‘काय गं, अवर फादर? ते आम्ही चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतो. तो सगळ्यांचा बाप. तुझा बाप कोणाकोणाचा?’ वर्ग खिदळला. मी रडकुंडीला आले. ‘टीचर, आमच्याकडे आमचे बाबा असंच म्हणतात.’ तुम्ही वही खाली ठेवलीत. ‘आमच्याकडेपण असंच म्हणतात. घरी तसंच म्हण. इंग्रजीत लिहिताना मात्र तो तुझा एकटीचा.’ मी ‘अवर’ खोडून ‘माय’ लिहिलं, आणि मला बापाला गुपचूप चाळीतून बाहेर काढून आणल्यासारखं वाटलं. लाज वाटली आणि खूप बरंही वाटलं. ते बरं वाटणं मी कुणालाच बोलले नव्हते.

पुढे तुमच्या इंग्रजीवर मला नोकरी लागली. औषधाच्या कंपनीत टेलिफोनवर बसले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच बसले. तिथे ‘आय’चं काही कामच नव्हतं. वी आर सॉरी, वी विल कॉल यू बॅक. कंपनीला माफी मागायची असली की ती माझ्या तोंडाने मागायची. लोक म्हणायचे बाईंचा आवाज काय गोड आहे. अहो, तो आवाज कंपनीचा होता. आणि घरी आलं की आमच्या ह्यांचं ‘आपण’. आपण चहा घेऊ या का, म्हणजे ह्यांना हवा असायचा आणि मी करायचा. आपल्याला नाही बुवा झेपत लग्नाला जाणं, म्हणजे ह्यांचे गुडघे. तक्रार करत नाही, टीचर. मीही तेच करायचे. आपल्याला नाही आवडत तो सोफा, म्हणायचे, आणि ह्यांना तो आवडलेला असायचा. त्या ‘आपण’मध्ये आम्ही दोघं पांघरुणात झोपल्यासारखे होतो, कधी हे ओढायचे, कधी मी. दोन वर्षांपूर्वी हे गेले. भाजीवाल्याला मी अजून म्हणते, आम्हाला पावशेरच पुरे.

मुलगी मेलबर्नला असते. नवरा, छोटा मुलगा, मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. दर रविवारी तिचा फोन येतो. हे गेल्यापासून ती एकच धोशा लावून होती, की आई, तू इकडे ये, कायमची ये, मुलुंडचं घर काढून टाकू. मी म्हणायचे, आपण बघू. दिवाळीनंतर बघू. आपल्याला तिकडची थंडी सोसेल का ते बघू. दोन वर्षं मी अशी बघत राहिले. मागच्या महिन्यात ती वैतागली.

‘आई, आपण आपण काय लावलंयस? आपण कोण?’

‘आपण म्हणजे आपणच की गं.’

‘नाही ना यार. बाबा नाहीत आता. मी माझं सांगितलं, मला तू इथे हवी आहेस. आता तू तुझं सांग. तुला काय पाहिजे? तुला.’

मी म्हटलं, बरं, सांगते. आणि फोन ठेवल्यावर कळलं की आपल्याला सांगताच येत नाही. मराठीत वाक्य सुरू केलं की मध्येच कुणीतरी शिरायचं. मी राहीन म्हणते, पण तुम्हाला तिकडे काळजी. मी येईन, पण ह्यांचं घर. वाक्य संपेपर्यंत मी त्यात नसायचेच. मग एका दुपारी, अशाच धुरकट दुपारी, तुमची बोटाची युक्ती करून बघितली. मुलीला झाकलं. नातवाला झाकलं, तो हसरा आहे, बोटाखालूनही दिसत राहतो. शेजारच्या काकूंना झाकलं, त्या रोज विचारतात मग कधी निघताय. ह्यांच्यावर बोट ठेवताना हात जरा अडला, तरी ठेवलं. आणि उरलेलं वाक्य रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचलं. आय वॉन्ट टू स्टे हिअर. इंग्रजीतच आलं ते. मराठीत एवढं उघडं वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. मला स्वतःचीच गंमत वाटली. चहा केला, एकटीने प्यायले, आणि त्या दिवशी तो चहा मला हवा होता.

रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते. तिने नेहमीसारखं विचारलं, मग काय ठरवलंस? मी वाक्य बोलले. माझा टेलिफोनवरचा जुना, गोड, स्पष्ट आवाज लागला. पलीकडे नातू मागे काहीतरी आपटत होता. मग ती म्हणाली, ‘ओके आई. थँक यू. मला बरं वाटलं तू सरळ सांगितलंस. परत नाही विचारणार, तुझा निर्णय आहे.’ आवाज अगदी समजूतदार होता, कुठे राग नाही, रुसवा नाही. मग म्हणाली, ‘बरं, गॅस आला का तुझा? त्या दिवशी संपला होता ना?’ मी म्हटलं आला. आणि आम्ही कढीपत्त्यावर बोललो. तिकडे तो फार महाग आहे म्हणे.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. मनातलं बोलले, मुलीने मानलं, भांडण नाही की रडारड नाही. मग दिवसभर छातीत कसली पोकळी होती ते कळेना. मंगळवारी ओट्यावर मासे निवडताना कळलं. आमच्या घरी पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, आणि घरच्यांनी ते ऐकायचं नसतं. माझी आई तर ताट हातात घेऊन दारापर्यंत जायची. ‘घे गो, लाजतंस कित्याक,’ असं ती विहिणीलाही म्हणायची आणि पोस्टमनलाही. तीन वेळा नको म्हटल्यावर जे उरतं ते खरं नको. तेवढ्या वेळा विचारणं म्हणजे माया, असंच मला वाटत आलं. माझ्या मुलीने माझं पहिलंच नको उचललं आणि जपून फडताळात ठेवून दिलं. तिला मीच इंग्रजी शाळेत घातलं. तिथे एकदा सांगितलेलं एकदाच ऐकतात, आणि त्यालाच मान देणं म्हणतात. तिने मला मानच दिला, त्यात तिचं काय चुकलं?

त्या मंगळवारपासून तुम्ही जास्त येता. शाळेत नाही, वाकोल्याला. दहावी पास झाल्यावरच्या नाताळात आई मला तुमच्या घरी घेऊन आली होती. चाफ्याचं झाड, दारावर कागदाचा कंदील, आत उंच छताची थंडगार खोली. तुम्ही नेवऱ्यांचं, म्हणजे आमच्या करंज्यांचंच, ताट पुढे करता आहात, आई नको नको म्हणते आहे आणि तुम्ही अगदी आमच्यासारख्या तिचा हात धरून नेवरी तिच्या तळव्यावर ठेवता आहात. भिंतीवर तुमच्या भावंडांचे फोटो, सगळी कॅनडात. आईने विचारलं, ‘टीचर, तुमी नाय गेलात ता? एकट्या कशा रवतात?’ तुम्ही ताट खाली ठेवलंत. ‘भाऊ बोलावतो ना. मी नाही म्हणून सांगितलं,’ असं म्हणालात, आणि मग माझ्याकडे बघून, वर्गात म्हणायचात तसं, ‘आय ॲम हॅपी हिअर.’ मला ते वाक्य फार आवडलं. सरळ, ताठ, कुणालाही झाकायची गरज नसलेलं. बसस्टॉपवर मी आईला म्हटलं, टीचर किती ग्रेट आहेत ना. आई पिशवी सावरत होती. म्हणाली, ‘भावान परत एकदा विचारूक होया होता.’ मला तिचा राग आला. तिला इंग्रजी कळत नाही म्हणून ती असं बोलते, असं मी मनात म्हटलं.

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, वर्गातली एक मैत्रीण बाजारात भेटली तेव्हा. वाकोल्याला गेले तर तुमच्या घराच्या जागी इमारत होती आणि खाली मोबाईलचं दुकान. दुकानातल्याला काय विचारणार? तशीच परत आले. आता हे लिहितानाही मला एवढंच विचारायचं आहे, की तुम्हाला तुमच्या भावाने दुसऱ्यांदा विचारलं होतं का? आणि नसेल विचारलं, तर त्या घरात संध्याकाळी तुम्ही काय केलंत? तुमचं वाक्य बरोबर होतं यात मला शंका नाही. तुम्ही तिथे खूश होतात यावरही माझा विश्वास आहे. दोन्ही असून माणसाला उंबऱ्यात उभं राहून रस्त्याकडे बघावंसं वाटतं का, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

मला इथेच राहायचं आहे, टीचर. ते वाक्य मी खोटं बोललेले नाही. इथला डोंगर, इथली दुपार, ह्यांची खुर्ची, हे सोडून मी कुठे जाणार? तिने पुन्हा विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. पण तिने विचारायला हवं होतं. असं काय गं आई, चल ना, एवढंच. हे तिला सांगता येत नाही, कारण सांगितल्यावर तिने विचारलं तर ते विचारणं कसलं? म्हणून तुम्हाला सांगितलं, आणि हे पत्र पाठवायला तर पत्ताच नाही.

उद्या पुन्हा रविवार. ती गॅसचं विचारेल, गुडघ्याचं विचारेल, मी सगळी उत्तरं देईन. आणि शेवटी, ठेवते गं म्हणायच्या आधी, मी जरा वेळ गप्प राहणार आहे. तिला वाटेल लाईन गेली.