डावीकडची बटणं

प्रिय ठमे,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर मला दोन वाक्यांपुढे जाता येत नाही आणि तिसरं खोटं निघतं, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या लग्नाला एकवीस दिवस उरले. 'मी येणार नाही, कारण विचारू नकोस' एवढंच आईने तुला फोनवर टाइप करून पाठवलं, तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. मला फोन करून ती काय करतेय विचारलंस की मी सांगतो, ती झोपली आहे. इतकी झोप तुझ्या आईने जन्मात कधी काढली नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

इथे ऊन मी मी म्हणतंय. दुकानाचं पत्र्याचं छप्पर असं तापतं की दुपारी मशीनला हात लावता येत नाही. तेव्हा मी घरी बसून आईसाठी शिवतो. हसू नकोस. चाळीस वर्षं पुरुषांचे शर्ट-पँट शिवणारा माणूस, बाईच्या कपड्याला कधी कात्री लावली नाही, आणि आता पातळ सुती कापडाचे सैल शर्ट शिवतोय. अस्तर नाही, कॉलर नाही, बाही रुंद, पुढून पूर्ण उघडे, म्हणजे डोक्यावरून ओढावे लागत नाहीत. पहिला शर्ट मोठ्या ऐटीत तिच्यापुढे धरला आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो गुपचूप घडी करून ठेवला. जित्याची खोड दुसरं काय, बटणं पुरुषांसारखी उजवीकडे लावली होती आणि काजं डावीकडे. तिला ती एका डाव्या हाताने लावता येईनात. डाव्याच हाताने का, ते पुढे येईल. जरा दमाने लिहू दे. दोन्ही पट्ट्या उसवल्या आणि बटणं डावीकडे घेतली.

तिचं नटणं तुला पाठ आहे. तीस वर्षं दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसली. लोकांना माझं तोंडच तेवढं दिसतं, ते तरी नीट असू दे, म्हणायची. उन्हाळ्यात तर तिचा नेम ठरलेला. रुमालात बर्फाचा खडा गुंडाळून चेहऱ्यावर फिरवायचा, न पुसता वाळू द्यायचं, पावडर कपाळाला आणि नाकाला तेवढी, काजळ फक्त वरच्या पापणीला कारण खालचं घामाने उतरतं, आणि लिपस्टिक बोटाने टेकवायची. तू आठ वर्षांची असताना तिच्या मांडीवर बसून हे सगळं करून घेतलंस आणि शाळेत दिवसभर वर्गाबाहेर उभी राहिलीस. आता तिला ते मी करतो, रोज सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत. बारीकातल्या बारीक सुईत दोरा ओवणारा मी, पण काजळाची रेघ मला पापणीवर सरळ ओढता येत नाही. पावडरीचे थर बसतात. लिपस्टिक डावीकडे ठीक होते, पण उजवीकडे ओठ खाली ओढला गेलाय, तिथून लाळ येते आणि रंग हनुवटीवर उतरतो. मी पुसतो, परत लावतो. ती आरशात पाहते आणि आरसा पालथा घालते. मग मी दुकानात जाऊन कात्रीला उगीच तेल देत बसतो. मी हात टेकलेत, ठमे.

सात आठवड्यांपूर्वी आंघोळ करून येताना ती दारातच खाली बसली, ती उठलीच नाही. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू आणि बोलणं. डॉक्टर म्हणतात सुधारेल, किती ते त्यांनाही सांगता येत नाही. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली. शब्द फुटत नव्हते, तरी तेवढं मात्र मला बरोबर कळलं, आणि मी भेकडासारखी मान डोलावली. तुला वाटतं तिला मुलगा पसंत नाही. त्याचा एक संसार आधी मोडलाय म्हणून तिने सुरुवातीला नाक मुरडलं, ते खरं. पण झटक्याच्या आठवडाभर आधी त्याच्या कोटाचं कापड तिनेच मला आणायला लावलं होतं. तो निरोप टाइप करायला तिला डाव्या अंगठ्याने अर्धा तास लागला. तुझ्या लग्नाच्या फोटोंत तिला तिचं वाकडं तोंड नकोय. मी समजावलं, रागावलो, एकदा तिच्यापुढे रडलोही. पालथ्या घड्यावर पाणी.

हे सगळं आजच का लिहितोय ते सांगतो. काल चष्मा विसरला म्हणून मी दुकानातून परत आलो. ती पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत होती, डाव्या हाताने. पाचही लागली. मग लिपस्टिकचं टोपण दातांनी काढलं, बोटाने रंग ओठाला टेकवला, आरसा उभा केला आणि त्यात बघून काहीतरी म्हणायला लागली. पुन्हा पुन्हा तेच. मला वाटलं पाणी मागतेय. नीट ऐकलं तर ती 'ठमे' म्हणत होती. ठ काही केल्या येत नव्हता. मी दारातूनच मागे फिरलो, चष्मा तसाच राहिला. शपथ मोडली म्हणून ती आता माझ्याशी बोलणार नाही. तसंही तिचं बोलणं मला निम्मंच कळतं. नटायचं कसं ते तिने तुला शिकवलंय, मला नाही. मला हे जमत नाही, बाळा. तू ये. सकाळी साडेसातच्या आत ये, बर्फ मी काढून ठेवतो.

तुझाच,
बाबा