निळ्या रेघा

२ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कंडक्टरकाका पत्र थेट तुझ्या हातात देतात, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मामा कसा आहे? गिरणीतल्या संपाचा पुढारी म्हणून त्याच्यावर निघालेलं वॉरंट इथे विद्यापीठाच्या फलकावरही लागलंय. फोटोत तो भलताच चिडका दिसतो. आणि हा माणूस आपल्याच वरच्या खोलीत, बाबांच्या बाइंडिंगच्या कागदांमागे लोळत पडलाय हे आठवून मला हसूही येतं आणि भीतीही वाटते.

इंग्रजीने मात्र माझी पार दाणादाण उडवली आहे. मी मनात वाक्य जुळवेपर्यंत बाईंचा पुढचा प्रश्न आलेला असतो. दर सोमवारी निबंध द्यायचा: माझं घर, घरातला एक दिवस, वडिलांचा व्यवसाय. बाकीच्या मुली काहीबाही रचून लिहितात. रचायला माझ्याकडे शब्द कुठले? जे आहे तेच कसंबसं उतरवते. जिन्याच्या अकरा पायऱ्या, सरसाचा वास, आईने धुऊन पालथ्या घातलेल्या पाच ताटल्या. मामाबद्दल अवाक्षर नाही, घाबरू नकोस. वही ऑफिसातून फिरून आठवड्याने परत येते. चुकांवर बाईंची लाल शाई असते. पण काही वाक्यांखाली निळ्या पेन्सिलीची रेघ असते आणि त्यांत एकही चूक नसते. शाबासकीच असणार!

आईबाबांना नमस्कार. माझ्या वाटणीची माया मामाला देऊन टाकू नकोस.

तुझी,
ठमी

९ ऑगस्ट

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पत्र मामानेच मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी तुझ्या सुरात. म्हणाला, ठमी घरी आली की तिने पाणीसुद्धा इंग्रजीतच मागायचं, नाहीतर तहानलेलं राहायचं. कोंडून राहून त्याचे गुडघे धरलेत, म्हणून दुपारी अर्धा तास गच्चीवर उन्हात बसतो. बाबांचं मात्र जेवणात लक्ष नसतं. जिना वाजला की त्यांच्या हातातला दाभण थांबतो. मामा सापडला तर दहा वर्षं आत जाईल, आणि लपवलं म्हणून बाबाही त्याच्या मागोमाग. हे तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते.

तुझ्या त्या निळ्या रेघा मला आवडल्या नाहीत. शाबासकी द्यायची तर बाई लाल शाईनेच देतील ना? वही कुणाकुणाच्या हातून जाते ते जरा बघ.

आईने तुला पोटभर जेवायला सांगितलंय. आमची आठवण काढत जा.

तुझी,
ताई

१६ ऑगस्ट

चि. ठमीस, आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. काल दुपारी विजेचं मीटर तपासायला म्हणून दोघे आले. मीटरकडे ढुंकूनही बघितलं नाही. एक जण पायऱ्या मोजत वर गेला, अकरा झाल्यावर थांबला आणि न विचारता उजवीकडचं दार उघडलं. कागदांचे गठ्ठे हलवून बघितले. दुसरा मोरीपाशी उभा राहून आईला म्हणाला, घरात माणसं तीन आणि ताटल्या चार कशा? मामा नेमका गच्चीवर होता, तिथूनच शेजाऱ्यांकडे उतरला, म्हणून वाचला.

जाताना ते हसून बाबांना म्हणाले की तुमच्या धाकट्या मुलीचा अभ्यास छान चाललाय. ठमे, आम्ही तर त्यांना तुझ्याबद्दल काहीच बोललो नव्हतो. आता घराबद्दल एक ओळही लिहू नकोस.

तुला दोष देत नाही. जिवाला जप.

तुझी,
ताई

१८ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मला रडायलासुद्धा सुचेना. घरात माझ्यासकट माणसं चार असं लिहून मीच खाली ताटल्या पाच लिहिल्या होत्या. माझ्याइतकी मूर्ख मीच. वही ऑफिसात एका गृहस्थांच्या टेबलावर जाते. त्यांना शिकवताना कुणीच पाहिलेलं नाही.

या वेळी सगळ्यांना आवडत्या खेळावर निबंध होता. मला एकटीला वेगळा विषय मिळाला: बऱ्याच दिवसांत न भेटलेला नातेवाईक. बाईंनी चिठ्ठी दिली तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कोरी वही दिली असती तर संशय पक्काच झाला असता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत खोटं लिहिलं. न पाहिलेली जागा काही केल्या मला इंग्रजीत उभी करता येईना. शेवटी आत्याचं बंद पडलेलं रंगाचं दुकान लिहिलं. मामा तिथे मागच्या दाराने जातो, पिंपांच्या आड झोपतो, असं. आत्या गेल्यापासून तिथे चिटपाखरूही फिरकत नाही. शोधू देत रिकामी पिंपं! निदान आपलं घर तरी सुटेल.

वही आज सकाळी दिली. पत्र उद्याच्या गाडीने पाठवते. माझ्यावर रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

१८ ऑगस्ट

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट बघायला आमच्यात धीर नव्हता. आज भर दुपारी बाबांनी मामाला हातगाडीवर घातलं, वरून पुठ्ठे रचले आणि बाजारातून सगळ्यांना रामराम करत गाडी नेली. आईचा जीव टांगणीला लागला होता, पण बाबा शीळ घालत परत आले. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले आणि आता घोरतायत.

जागा कुठली म्हणून विचारशील. आपल्याला तरी दुसरी कुठली होती? आत्याचं रंगाचं दुकान! मागच्या दाराने आत घेतलं, पिंपांच्या आड अंथरूण घालून दिलं. महिनाभर तरी तिथून हलायचं नाही असं त्याला बजावलंय. तिथे त्याला कुणी शोधेल हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

मामाने तुला निरोप दिलाय की मन लावून शीक, ठमीमुळे काही बिघडलेलं नाही. तेव्हा आता निर्धास्त राहा. आम्ही सगळे सुखरूप आहोत, तू आमच्यावर अशीच माया ठेव.

तुझी,
ताई