शेजारची सीट

गाझियाबाद,
भाऊबीज, १९९६

ती. चैतन्यदादास,

तीर्थरूप सवयीने लिहून गेले. असू दे.

आज तू आला नाहीस. ओवाळायचं ताट तयार ठेवून आई दुपारपर्यंत गॅलरीत उभी होती. मग मी पेपर उघडला. जुन्या गाड्यांच्या रॅलीत आपली लाल टू-सीटर, स्टिअरिंगवर तू आणि शेजारी तुझे साहेब. खाली लिहिलंय, ही गाडी तू गुडगावला एकट्याने दुरुस्त केलीस.

चाणक्यपुरीतल्या एका परदेशी बाईने ती भंगारात काढली होती, म्हणून आपल्याला परवडली. चार वर्षं दर रविवारी डॅशबोर्डखाली मी शिरायचे, कारण तुझा हात तिथे पोचत नव्हता. पहिल्या भाऊबीजेला तू ताटात तिची दुसरी किल्ली टाकलीस. म्हणालास, "रेवती, शेजारची सीट तुझी. पहिली लांबची फेरी आपण दोघं मारू."

येत्या शनिवारी साहेबांना घेऊन तू जयपूरला निघणार, असंही छापलंय. बिल्कुल जा.

एक सांगायचं राहिलं. पेट्रोलच्या टाकीत पातळी मोजायला मी बसवलेला फ्लोट दुसऱ्याच गाडीचा आहे, त्यामुळे काटा उलटा चालतो. टाकी रिकामी होत जाते तसा तो 'फुल'कडे सरकतो. रॅलीतल्या दोन किलोमीटरांत तुला ते कळलं नसेल. पहिल्या फेरीत शेजारी बसून मी तुला हे हसत सांगणार होते.

पाकिटावर तिकीट लावलंय. रविवारी पेटीत टाकेन.

रेवती