तुमची साक्ष टिकली, आई

माझ्या सारसोळ्याच्या आईस,

काल दुपारी निकाल लागला. त्रिशा माझ्याकडेच राहणार! कोर्टाबाहेर आल्याआल्या पहिला फोन तुम्हाला लावायला गेले. तुमचं नाव समोर आलं आणि बोट थांबलं. पण एवढी मोठी बातमी सासूला सांगितल्याशिवाय पोटात कशी राहील? म्हणून लिहायला बसले.

ती सकाळ आठवते ना? तुर्भ्याच्या गोदामातली रात्रपाळी संपवून मी सारसोळ्याला घरी आले, तर माझी बॅग बाहेर ओट्यावर होती. तुमच्या हेमंतने दारातूनच सांगितलं, नोकरी सोड नाहीतर घर सोड, पोरगी मिळणार नाही. तुम्ही त्याच्या मागे उभ्या होतात, गप्प. खरं सांगू? त्या दिवशी मला त्याच्यापेक्षा तुमचा राग आला. माझं माहेर कराडला, या गावात तुमच्याशिवाय मला कोण होतं?

मी सानपाड्याला भाड्याची खोली घेतली. पुढच्याच आठवड्यात दाराशी रिक्षा थांबली. त्रिशाचं दप्तर, तुमची पत्र्याची पेटी आणि सुकटीचा डबा! मला वाटलं, नातीला सोडून परत जाल. तुम्ही पेटी उघडून लुगडी लावायला लागलात.

आणि ती सुकट तुम्ही खिडकीत उन्हाला घातलीत. सोसायटीचे सेक्रेटरी वासाची तक्रार घेऊन आले. तुम्ही त्यांना बसवलंत, जवळ्याची चटणी आणि भाकरी वाढलीत. नंतर ते दर रविवारी सुकटीची चौकशी करायला येत. आठवलं की अजून हसू येतं.

हेमंतने त्रिशाच्या ताब्यासाठी अर्ज केला. त्याचं म्हणणं होतं, पाळ्या करणारी बाई पोरीकडे काय बघणार? आमच्या घरी आजी आहे; सुनेने फूस लावून तिला नेलंय, ती परत येईल. माझ्या वकील शेखबाई म्हणाल्या, याचं उत्तर आजीच देऊ शकतात. तुम्हाला विचारायची माझी जीभ रेटेना. पोटच्या पोराविरुद्ध उभ्या राहा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तुम्हीच विचारलंत, कोर्टात कंच्या दिवशी जायचं?

न्यायाधीश मॅडमनी विचारलं, सुनेने फूस लावली का. तुम्ही म्हणालात, "फूस लावाया मी काय नवी नवरी हाय? नात जिकरं, तिकरं मी." अख्खं कोर्ट हसलं. हेमंत सोडून.

मग त्याच्या वकिलाने उलटतपासणी घेतली. "आजी, तुमचं वय झालंय. उद्या तुम्ही नसलात तर या मुलीकडे कोण बघणार?"

तुम्ही आधी पाणी प्यायलात.

"मी काय कायमची हाय? पन पोरीला ताप भरतो तवा उशाशी कोन बसतं, ते मी बगलंय. ही कामावरनं येते, डोलं मिटत असतात, तरी बसते. मी नसन तवा पन हीच बसंल."

मग हेमंतकडे बघून हळूच म्हणालात, "माजा पोरगा वाईट नाय. पन त्याला पोरगी नको, हिची हार पायजे."

त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. पित्त झालंय म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून पडलात. ते पित्त नव्हतं हे मला कळत होतं. तेव्हा जवळ येऊन बसायला हवं होतं, आई. बसले नाही.

आणि छातीत दुखतंय, हे का लपवलंत? केस होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतंत? दवाखान्यात नेईपर्यंत हातातून सगळं गेलं होतं. अग्नी हेमंतनेच दिला. सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ आला आणि विचारलं, आई माझ्यावर रागावून गेली का? मी खरं तेच सांगितलं. रोज जेवायला बसताना तुम्ही म्हणायचात, हेमंत जेवला असंल का? तो तिथेच खाली बसला.

तरीही पुढच्या तारखेला त्याचा वकील उठलाच. आता तिकडे आजीही नाही, मूल कोणाच्या भरवशावर? मी खचलेच. मालकांकडून दिवसपाळी मागून घेतली, तरी धीर होईना. तेव्हा शेखबाईंनी माझा हात दाबला. "मनीषा, साक्षीदार गेल्या, साक्ष गेली नाही. उलटतपासणीसकट ती कोर्टाच्या दफ्तरात आहे. हा प्रश्न त्यांनीच विचारला होता आणि उत्तरही त्यांना मिळालंय."

काल मॅडमनी ते उत्तर वाचून दाखवलं. तुमच्याच शब्दांत, 'हाय' आणि 'नाय'सकट! ज्या बाईला ही मुलं-माणसं सर्वांत जवळून माहीत होती, तिने पोटच्या मुलाचीही बाजू न घेता सांगितलेलं हे आहे, असं त्या म्हणाल्या. त्रिशाचा ताबा आईकडे. शाळेचा खर्च वडिलांनी उचलायचा. एकाआड एक शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी ती वडिलांकडे. मी तिथेच रडले, पण मान वर करून. जिंकलो आपण, आई! तुम्ही नसताना तुम्ही मला जिंकवलंत.

त्रिशाने घरी आल्याआल्या तुमच्या फोटोपुढे पेढा ठेवला आणि उरलेले सगळे स्वतः खाल्ले.

निघताना कोर्टाच्या जिन्यात हेमंत उभा होता. भांडेल असं वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "शनिवारी कितीला येऊ?"

तुम्हाला एक शब्द देते. शनिवारी त्रिशा तयार असेल, वेणी घालून, बॅग भरून. तिच्या बापाबद्दल वाईट शब्द माझ्या तोंडून तिच्या कानावर जाणार नाही. आणि कधी त्याला यायला उशीर झाला, तर मी तिला घेऊन त्याच्याकडे सारसोळ्याला जाईन, पण त्याचा दिवस बुडू देणार नाही.

तुमची सून,
मनीषा