पिवळे विमान नव्या कॉम्प्युटरवर उडाल्यानंतरची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लिफ्टदुरुस्ती (आता निवृत्त), हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. अक्षर हलले आहे ते म्हातारपणाने नव्हे, आनंदाने. डॉक्टरांनी दाखल्यात रक्तदाब किंचित वाढल्याचे लिहिले आहे, त्याचेही कारण तेच. सहा महिन्यांपूर्वीचे माझे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते आणि त्यात माझ्या एकुलत्या एका मुलीचे नाव कुठेही नव्हते.

१. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, मुलीला. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू ठेवल्या आणि स्वतः जिने चढलो, याचे ज्यांना हसू येते त्यांनी हसून घ्यावे. इमारतीच्या सचिवांनी लिफ्टचा ठराव सतरा वर्षे पुढे ढकलला. त्यांना मी काहीही ठेवत नाही, आणि त्यांनी माझ्या मागे माझ्याबद्दल चार शब्द बोलण्याची तसदी घेऊ नये. बँकेत जे असेल तेही मुलीलाच.

२. पान्ह्यांचा संच, चेनपुली आणि मीटर माझ्या कामातल्या जोडीदाराला. बावीस वर्षे एकाच शाफ्टमध्ये तो खाली आणि मी वर. मीटरची एक वायर सैल आहे. ती कोणी सैल केली हे त्याला ठाऊक आहे.

३. आता मुद्द्याचे. मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही दोघांनी कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळासाठी, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरसाठी, दोन आसनांचे पिवळे विमान बनवले. अशा वरून जोडायच्या विमानांना अ‍ॅड-ऑन म्हणतात. सांगाडा मी जुळवला, रंगकाम तिचे. पुढे इतरही विमाने जमवली, पण वीस वर्षे मी तेच उडवत राहिलो. आठ महिन्यांपूर्वी तिने (ती आता दातांची डॉक्टर आहे) मला नवा कॉम्प्युटर आणि नवा सिम्युलेटर आणून दिला, जुना उचलून नेला आणि जाताना एक पाकीट ठेवले. पाकिटात एक पेनड्राइव्ह आणि एक कागद होता. आमच्या धंद्यात सूचनेचा कागद वाचणारा मिस्त्री कच्चा समजतात. मी कागद बाजूला सारला आणि जुन्या सवयीने पेनड्राइव्हमधला आमच्या विमानांचा अख्खा फोल्डर नव्या सिम्युलेटरमध्ये ओतला. विमान दिसेना. मग फोन करून मुलीला तोंडाला येईल ते बोललो. तू आपले विमान भंगारात घातलेस, असेही म्हणालो. तेव्हापासून बोलणे बंद.

गेल्या सोमवारी दुपारी विजेचे बिल शोधताना तो कागद हाती आला. त्यात तिने लिहिले होते:

"बाबा, नव्या सॉफ्टवेअरला प्रत्येक फाइलची यादी लागते. यादीत नसेल ते त्याला दिसतच नाही. यादी मी करून ठेवलीय. सगळं एकदम टाकू नका. आधी विमान, मग आवाज. वेग-उंची दाखवणारी जुनी घड्याळं चालणार नाहीत, नव्या विमानाची उसनी घ्या. मी करून बघितलंय, उडतं. अडलात तर फोन करा."

मी अक्षरशः तसेच केले. पहिल्यांदा विमान आले, पण चाके जमिनीत रुतलेली आणि घड्याळे काळीठिक्कर. दुसऱ्यांदा घड्याळे लागली, आवाज गायब. तिसऱ्यांदा इंजिन खोकले, धरले, आणि आमचे पिवळे विमान धावपट्टी सोडून वर गेले! मी खुर्चीवरून उठून नाचलो. एवढा आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते आठवत नाही. विमान उतरवल्यावर मात्र स्वतःची फार लाज वाटली.

४. सबब कॉम्प्युटर, जॉयस्टिक, पिवळे विमान व इतर एकतीस जुनी विमाने मुलीला. अट एकच. यापुढे सिम्युलेटर बदलेल तेव्हा जुनी विमाने चालत नाहीत असे कोणी म्हटले म्हणून टाकून देऊ नयेत. मूळ प्रत बाजूला ठेवावी, नक्कल घ्यावी, आणि एकेक लावून बघावे. निम्मी उडणार नाहीत. उडतील त्यांचे कौतुक करावे.

५. एवढे लिहून झाल्यावर, सहीपूर्वी, साक्षीदारांसमक्ष मी मुलीला फोन केला. आधी माफी मागितली, मग वरची दोन कलमे वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाबा, वीस वर्षांत तुम्ही मला ते एकदाही उडवू दिलं नाहीत. आता तुम्ही मरायची वाट बघू का?"

म्हणून कलम चार मी जिवंत असतानाच, येत्या रविवारी सकाळी दहापासून लागू होईल. जॉयस्टिक तिच्या हातात राहील. मी शेजारी स्टूल घेऊन बसेन आणि तिने विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. तळमजल्यावरचे शिंपी (सही). शेरा: फोन आमच्या देखत झाला. शेवटच्या वाक्याची हमी आम्ही देत नाही.

ठिकाण: राहते घर
दिनांक: गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६